मूग, मीठ आणि एक नीट प्रश्न: अकरावी-बारावीचा बायोलॉजी प्रोजेक्ट स्वतः कसा करायचा आणि कसा लिहायचा

दिवाळीची सुट्टी संपत आली की माझ्याकडे मेसेज सुरू होतात, "मॅडम, बायोलॉजीच्या प्रोजेक्टला एखादा सोपा टॉपिक द्या ना." आणि मी दरवेळी तेच उत्तर देते, की टॉपिक मी देणार नाही, तुम्ही मला एक प्रश्न आणून द्या, मग पुढचं आपण मिळून बघू. मुलं थोडी वैतागतात. पण "मिठाचा वनस्पतींवर होणारा परिणाम" हा झाला टॉपिक, त्यावर नेटवरून दहा पानं उतरवता येतात, स्टेशनरीच्या दुकानात तर असे प्रोजेक्ट बाइंड करून तयार मिळतात, आणि ज्याने ते जमा केलं त्याला शेवटी मिठाबद्दलही काही कळलेलं नसतं आणि वनस्पतीबद्दलही नाही. याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण शाळा-कॉलेजच्या सगळ्या वर्षांत स्वतः काहीतरी शोधून काढायची ही बहुतेक एकच संधी असते.

सीबीएसईला बारावीच्या प्रॅक्टिकलच्या ३० पैकी ५ मार्क प्रोजेक्ट आणि त्याच्या व्हायव्हाला असतात. आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) वाल्यांचं गणित वेगळं, तिथे इंटर्नल असेसमेंट फायनल ग्रेडच्या २० टक्के, रिपोर्टला ३००० शब्दांची मर्यादा, मार्क २४, आणि ते रिसर्च डिझाइन, डेटा अ‍ॅनालिसिस, निष्कर्ष आणि मूल्यमापन अशा चार भागांना सहा-सहा. स्टेट बोर्डाची मुलं, बालविज्ञान परिषदेला जाणारी मुलं, सगळ्यांचे फॉरमॅट थोडेफार वेगळे, पण आतलं काम एकच आहे म्हणून मी इथे एकच उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत घेणार आहे, मूग आणि मीठ. साधं वाटतं, पण त्यात सगळं येतं.

प्रश्न कुठून आणायचा

माझ्याकडे पेणच्या बाजूची एक मुलगी होती. तिच्या आजोबांचं शेत खारेपाटात (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात), एका उधाणाला बांध फुटला आणि खाडीचं पाणी शेतात शिरलं. आजोबा म्हणायचे, दोन-तीन पावसाळे जाऊ देत, पाऊस मीठ धुऊन नेतो, जमीन परत येते. ती मला म्हणाली, मॅडम, खाऱ्या जमिनीत पीक का येत नाही यावर करू का? मी म्हटलं विषय सोन्यासारखा आहे, पण प्रश्न इतका मोठा आहे की पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रातली माणसं वर्षानुवर्षं त्यावरच काम करतायत, तुझ्याकडे सहा आठवडे आणि एक टेबल आहे.

मग आम्ही तो प्रश्न चाळणीतून काढावा तसा बारीक करत गेलो. कुठलं पीक? भात खरा, पण भाताला वेळ लागतो, मूग तीन दिवसांत उत्तर देतो. कुठलं मीठ? खाडीच्या पाण्यात बरेच क्षार असतात, पण त्यात सगळ्यात जास्त सोडियम क्लोराइड, तेच घेऊ. "परिणाम" म्हणजे नक्की काय मोजायचं? उगवलेले दाणे मोजायचे आणि मुळाची लांबी मोजायची. किती मीठ, किती दिवस? शेवटी प्रश्न असा झाला: सोडियम क्लोराइडची तीव्रता ०, ५०, १००, १५० आणि २०० मिलिमोलर (एक लिटर द्रावणात मोलचा हजारावा भाग मीठ म्हणजे एक मिलिमोलर) अशी वाढवत नेली तर ७२ तासांत मुगाचे किती दाणे अंकुरतात आणि अंकुरलेल्या दाण्यांच्या मुळाची लांबी किती होते? आणि आजोबांच्या बोलण्यातून आलेला दुसरा प्रश्न: जे दाणे मिठात अंकुरले नाहीत ते धुऊन साध्या पाण्यात ठेवले तर उगवतात का?

हा दुसरा प्रश्न मला पहिल्यापेक्षा जास्त आवडला होता. तो कुठल्याही तयार प्रोजेक्टमधून आलेला नव्हता, तो तिच्या घरातून आला होता.

तुमच्याकडे असं काही असतंच, फक्त बघायला हवं. अकोला, अमरावती, बुलढाणा भागात पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आहे, तिथे मूग खरिपाला खरोखर पेरला जातो, तिथल्या मुलाने हाच प्रयोग स्वतःच्या विहिरीचं पाणी घेऊन केला तर तो आणखी भारी होईल. गोव्यात खाजन शेती (खाडीकाठी बांध घालून केलेली) आहे आणि खारं सोसणारं कोरगुट भात आहे, तिथे कोरगुट आणि साधं भात यांची तुलना करता येईल. मीठ नकोच असेल तर यीस्ट आणि साखर घ्या, बटाट्यातलं कॅटालेज हे एन्झाइम घ्या, रस्त्याकडेच्या आणि बागेतल्या एकाच झाडाच्या पानांवरची पर्णरंध्रं नेलपॉलिशचा ठसा घेऊन मोजा. प्रश्न कुठलाही असो, मी तीन गोष्टी विचारते. तुम्ही मुद्दाम बदलताय ती गोष्ट एकच आहे का, उत्तर आकड्यात मिळणार आहे का, आणि प्रयोग बिघडला तर तो परत करायला वेळ उरणार आहे का. तिसरं कोणी धरतच नाही आणि रडारड तिथेच होते.

वाचन आणि अंदाज

वाचन दोन-तीन दिवस करा, जास्त नको, पण समजून करा. बी उगवताना आधी पाणी शोषतं, फुगतं, मग आतलं मूळ साल फोडून बाहेर येतं. पाण्यात मीठ असलं की पाण्याचा पोटेन्शियल, म्हणजे पाण्याची बीकडे जायची ओढ, खाली जातो आणि बीला पाणी ओढून घेणं कठीण होतं. किती खाली, हे तुम्ही स्वतः काढू शकता, ऑस्मोटिक प्रेशरच्या फॉर्म्युल्याने १०० मिलिमोलर मिठाचा ऑस्मोटिक पोटेन्शियल २७ अंशाला जवळपास उणे ०.५ मेगापास्कल येतो. हा एक आकडा रिपोर्टमध्ये गणितासकट दिलात तर वाचणाऱ्याला लगेच समजतं की हे डोक्यातून आलंय. दुसरं कारण म्हणजे सोडियम आणि क्लोराइड हे आयन पेशीत साठून विषासारखे वागतात. म्हणजे मीठ दोन प्रकारे त्रास देतं, तहानेने आणि विषाने. आता आजोबांचा प्रश्न परत आठवा. फक्त तहान असेल तर साधं पाणी मिळाल्यावर बी उगवायला पाहिजे, विष झालं असेल तर नाही उगवणार.

डार्विनने १८५५ च्या सुमाराला घरी मिठाच्या पाण्यात बिया बुडवून ठेवल्या होत्या, समुद्रातून वाहत जाऊन झाडं बेटांवर पोचू शकतात का हे त्याला बघायचं होतं. ८७ प्रकारच्या बियांपैकी ६४ प्रकार २८ दिवस बुडल्यावरही उगवले, आणि थोडे तर १३७ दिवसांनंतरही. साधने काय, तर बाटल्या आणि मीठ. मुलांना हे सांगितलं की "आमच्याकडे लॅब नाही" हे वाक्य जरा कमी ऐकू येतं.

अंदाज, म्हणजे हायपोथेसिस, लिहिताना कारण जोडा. "मीठ वाढलं की अंकुरण कमी होईल" एवढं अपुरं आहे. "मीठ वाढेल तसा पाणी शोषण्याचा वेग कमी होईल, त्यामुळे मुळाची लांबी आधी कमी होत जाईल आणि अंकुरण्याचं प्रमाण त्यानंतर, जास्त तीव्रतेला घसरेल" असं लिहिलं की तो तपासता येतो आणि चुकूही शकतो. चुकला तर चुकू दे. निकाल आल्यावर मागे जाऊन अंदाज बदलायचा नाही, त्यासाठी अंदाज तारीख घालून वहीत आधी लिहून ठेवायचा.

काय बदलायचं आणि काय धरून ठेवायचं

बदलायचं ते मिठाची तीव्रता. मोजायचं ते अंकुरलेले दाणे आणि मुळाची लांबी. बाकी सगळं धरून ठेवायचं, आणि रिपोर्टमध्ये "तापमान स्थिर ठेवलं" एवढंच लिहून सोडायचं नाही, ते कसं ठेवलं ते सांगायचं. सगळ्या डिश एकाच खोक्यात, अंधारात, खोलीचं तापमान रोज सकाळी आणि संध्याकाळी वहीत. डिसेंबरात पुण्याला रात्री गारठा असतो आणि मूग मंदावतो, त्यात काही बिघडत नाही, फक्त तो आकडा लिहिलेला पाहिजे. एका मुलाने साध्या पाण्याच्या डिश फ्रिजवर ठेवल्या आणि मिठाच्या डिश खिडकीत, कारण जागा तेवढीच होती. त्याचा निकाल सुंदर आला होता, पण तो मिठाचा होता की फ्रिजच्या उबेचा हे आता कोणीच सांगू शकत नाही. डिश कुठे ठेवायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवा, आणि रोज जागा बदला.

बियांचं काय? किराण्यातले अख्खे मूग चालतात, पण सगळे एकाच पाकिटातले घ्या आणि पाकीट फेकू नका. बियाण्याच्या दुकानातले गुलाबी रंग लावलेले दाणे घेऊ नका, त्यावर बुरशीनाशक असतं, ते हाताला लागू नये आणि निकालातही येऊ नये. फुटके, किडके, फार बारीक दाणे निवडून बाजूला काढा, आई तांदूळ निवडते तसे. आणि गणंग दाणे लक्षात ठेवा! उसळीसाठी मूग भिजवले की दोन-चार दाणे खड्यासारखे कडक राहतात ना, तेच. त्यांची सालच पाणी आत घेत नाही. ते साध्या पाण्यातही उगवणार नाहीत, म्हणून तर कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी बिनमिठाच्या पाण्याची डिश, लागतो.

आता किती डिश, किती दाणे. पाच तीव्रता, प्रत्येकीला पाच डिश, प्रत्येक डिशमध्ये २० दाणे. म्हणजे २५ डिश आणि ५०० दाणे, मूठभरच होतात. इथे एक चूक इतकी सर्रास होते की मी जरा थांबून सांगते. एका तीव्रतेला एकच डिश घेऊन त्यात १०० दाणे टाकले तर ते १०० रीडिंग होत नाहीत. त्या डिशला बुरशी लागली, ती वाकडी राहिली, तिच्यात पाणी जास्त पडलं, तर शंभरच्या शंभर दाण्यांना एकदम फरक पडतो. तुम्ही मीठ दाण्याला दिलेलं नाही, डिशला दिलेलं आहे, म्हणून मोजणीचं एकक डिश. आधी प्रत्येक डिशची सरासरी काढायची आणि पुढचं सगळं गणित त्या पाच सरासऱ्यांवर करायचं. हे एवढं जरी नीट समजलं तरी तुमचा प्रोजेक्ट बऱ्याच प्रोजेक्टच्या पुढे असतो.

पेट्रीडिश नसतील तर झाकणाचे पारदर्शक प्लास्टिकचे डबे घ्या, पार्सलला येतात ते, फक्त सगळे एकाच मापाचे. फिल्टर पेपर नसेल तर टिश्यू दोन घड्यांचा, तोही सगळीकडे सारखा.

मिठाचं पाणी बनवणं

इथे घरचा वजनकाटा आडवा येतो. सोडियम क्लोराइडचा एक मोल ५८.४४ ग्रॅम, म्हणजे ५० मिलिमोलरचं पाव लिटर करायला ०.७३ ग्रॅम लागतं, आणि किचनमधला काटा एक ग्रॅमच्या खाली बघतच नाही. म्हणून थेट बनवू नका, आधी जाड स्टॉक करा. ५८ ग्रॅम मीठ थोड्या पाण्यात विरघळवा आणि मग पाणी घालत घालत बरोबर एक लिटर करा (एक लिटर पाण्यात मीठ टाकायचं नाही, दोन्हीत फरक आहे). हा झाला साधारण १ मोलरचा स्टॉक. ५८ ग्रॅममध्ये अर्धा ग्रॅम इकडेतिकडे झाला तरी चूक एक टक्क्याच्या आत राहते. मग मेडिकलमधून १० मिलीची सिरिंज आणा, सुई नको, आणि स्टॉक ५, १०, १५, २० मिली घेऊन प्रत्येक वेळी डिस्टिल्ड पाण्याने १०० मिली करा. झाले ५०, १००, १५० आणि २०० मिलिमोलर. पाणी बोअरचं घेऊ नका, त्यात आधीच क्षार असतात, डिस्टिल्ड पाणी बॅटरीवाल्याकडे मिळतं. मीठ शक्यतो लॅबमधलं मागा. नाहीच मिळालं तर साधं टेबल सॉल्ट, पण मग त्यात आयोडीन आणि मोकळं राहण्यासाठीची पावडर असते हे रिपोर्टमध्ये लिहा.

आधी छोटी चाचणी करा, म्हणजे पायलट. एकेक डिश ०, ५०, १००, २००, ४०० मिलिमोलरची, तीन दिवस. मुगाच्या जातीप्रमाणे आणि पाकिटाप्रमाणे फरक पडतो, कुठे २०० ला सगळं बंद होतं, कुठे बऱ्यापैकी उगवतं. पायलट केला की कळतं आपली रेंज बरोबर आहे का, टिश्यू वाळतोय का, बुरशी येते का. माझ्या पहिल्याच वर्षी मी मुलांना पायलट करू दिला नाही, वेळ वाचवू म्हटलं, आणि चौथ्या दिवशी निम्म्या डिश पांढऱ्या कापसासारख्या बुरशीने भरल्या. तेव्हापासून दाणे आधी एक टक्का हायपोक्लोराइटमध्ये (पातळ ब्लीचमध्ये) दोन-तीन मिनिटं ठेवून डिस्टिल्ड पाण्याने चार-पाच वेळा धुवायचे असं ठरवलं. ते हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून, आणि संडास साफ करायच्या अ‍ॅसिडच्या जवळपासही नाही, दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो.

प्रयोगाचे दिवस

प्रत्येक डिशमध्ये ५ मिली द्रावण, २० दाणे एकमेकांना न चिकटता, झाकण बंद. डिशवर तीव्रता लिहू नका, नंबर लिहा, आणि कुठला नंबर म्हणजे किती मीठ ती यादी धाकट्या भावाकडे किंवा मैत्रिणीकडे द्या. कारण मोजताना तुम्हाला माहीत असेल की ही २०० ची डिश आहे तर दीड मिलिमीटरच्या अंकुराला तुम्ही "नाही" म्हणाल आणि साध्या पाण्यातल्या तेवढ्याच अंकुराला "हो" म्हणाल. मुद्दाम कोणी करत नाही, होतं तसं.

"अंकुरला" म्हणजे काय ते आधी ठरवा. मूळ २ मिलिमीटर किंवा जास्त बाहेर आलं की अंकुरला, एवढीच व्याख्या, आणि तीच शेवटपर्यंत. मोजणी २४, ४८ आणि ७२ तासांनी, रोज त्याच वेळी. पाणी उडून गेलं की मीठ मागेच राहतं आणि डिश आणखी खारट होत जाते, म्हणून वरून द्रावण घालत बसू नका, ४८ तासांच्या मोजणीनंतर पेपर आणि द्रावण दोन्ही नवीन द्या, सगळ्या डिशना, कंट्रोललाही. ७२ तासांनी मुळाची लांबी मोजा. मूळ वाकडं असतं, त्यावर दोरा धरायचा आणि दोरा पट्टीवर सरळ करायचा.

मग आजोबांचा भाग. ७२ तासांपर्यंत जे दाणे अंकुरले नाहीत ते डिशप्रमाणे वेगळे ठेवून नीट धुवा आणि साध्या डिस्टिल्ड पाण्यात आणखी तीन दिवस ठेवा. कंट्रोलमधले न उगवलेलेही ठेवा, तुलनेला. ज्यांना अजून खोल जायचंय त्यांनी तहान आणि विष वेगळं करायला मॅनिटॉलची (हा साखरेसारखा एक पदार्थ) एक रांग लावावी, २०० मिलिमोलर मॅनिटॉल आणि १०० मिलिमोलर मीठ यांचा पाणी ओढण्याचा जोर जवळपास सारखा असतो, पण मॅनिटॉलमध्ये सोडियमही नाही आणि क्लोराइडही नाही. साखरेनेही होतं पण साखरेवर बुरशी तुटून पडते.

वही. कच्ची वही, पेनाने, तारीख-वेळ घालून. चुकलेला आकडा खोडरबरने पुसायचा नाही, एक रेघ मारायची आणि बाजूला बरोबर लिहायचा. "डिश १४ सांडली, पेपर बदलला" हे लिहायचं. "आज लाइट गेली होती", लिहायचं. रोज एक फोटो, पट्टी शेजारी ठेवून. वही घाणेरडी दिसली तरी चालेल, मला तर मिठाचे डाग पडलेली वही बघून बरं वाटतं.

आकड्यांचं काय करायचं

पुढचे आकडे मी फक्त हिशोब दाखवायला बनवलेत, तुमचे वेगळे येतील. समजा साध्या पाण्यातल्या पाच डिशची मुळाची सरासरी ४२, ३९, ४५, ४०, ४४ मिलिमीटर आली, आणि १०० मिलिमोलरची २१, २६, १८, २४, २१. सरासरी अनुक्रमे ४२ आणि २२. पसारा किती ते स्टँडर्ड डेव्हिएशन सांगतं, पहिल्याचं २.५५, दुसऱ्याचं ३.०८. एक्सेलमध्ये याचे दोन फॉर्म्युले असतात, आपल्याला सॅम्पलवाला पाहिजे, एकाने कमी करून भागणारा. आता हा २० मिलिमीटरचा फरक योगायोगाने येऊ शकतो का, त्यासाठी टी-टेस्ट. इथे टी येतो ११.२ च्या आसपास, आणि ८ डिग्रीज ऑफ फ्रीडमला (इथे दोन्ही गटांच्या दहा डिश वजा दोन) ५ टक्क्यांची सीमा २.३१ आहे, म्हणजे मीठाने काहीच फरक पडत नसता तर इतका फरक दिसणं फारच दुर्मिळ.

पण तुमच्याकडे पाच तीव्रता आहेत. त्यांच्या जोड्या लावल्या तर दहा टी-टेस्ट होतात, आणि इतक्या वेळा नाणं उडवलं की कधीतरी उगाचच "फरक आहे" असं उत्तर यायची शक्यता बरीच वाढते. म्हणून पाचही एकत्र घेऊन त्यांच्यातला फरक एकाच वेळी तपासणारी अ‍ॅनोव्हा करा, किंवा तीव्रता आणि लांबी यांचा ग्राफ काढून रिग्रेशन (बिंदूंमधून कल दाखवणारी रेषा बसवणं) करा, मला तर दुसरं जास्त पटतं कारण मीठ हळूहळू वाढवलंय आणि आपल्याला कल बघायचाय.

ग्राफ एक किंवा दोन, बास. आडव्या अक्षावर तीव्रता, उभ्यावर लांबी, प्रत्येक बिंदूवर एरर बार, आणि एरर बार कशाचा आहे (स्टँडर्ड डेव्हिएशन की स्टँडर्ड एरर) ते खाली लिहा. थ्रीडी रंगीत खांब नकोत, त्यातून आकडा वाचताच येत नाही. मुगाच्या बाबतीत बरेचदा असं दिसतं की अंकुरण्याचं प्रमाण बराच वेळ टिकून राहतं आणि मुळाची लांबी त्याच्या आधीच घसरायला लागलेली असते. तुम्ही फक्त अंकुर मोजले असते तर १०० मिलिमोलरला "काही परिणाम नाही" असं लिहून मोकळे झाला असता.

लिहायला बसल्यावर

प्रस्तावनेपासून सुरू करू नका, तिथेच अडकायला होतं. आधी कृती लिहा, ती प्रयोग चालू असतानाच लिहायला घ्या. मग आकड्यांची टेबलं, मग ग्राफ, मग निष्कर्ष, आणि प्रस्तावना सगळ्यात शेवटी. कृती भूतकाळात आणि इतकी स्पष्ट की दुसऱ्या गावातल्या मुलीने ती वाचून तुम्हाला फोन न करता तोच प्रयोग करावा. "थोडं पाणी घातलं" याला अर्थ नाही, "५ मिली" लिहा. आणि का केलं तेही लिहा, डिश पाच का, ७२ तासच का, पायलटमध्ये काय दिसलं म्हणून रेंज बदलली.

टेबलाला शीर्षक, कॉलमच्या डोक्यावर एकक, दशांश सगळीकडे सारखे. पट्टीने मिलिमीटरपर्यंतच मोजता येतं, मग सरासरी ४२.३८४६ लिहिण्यात काही राम नाही.

निष्कर्षात तीन गोष्टी पाहिजेत: प्रश्नाचं थेट उत्तर आकड्यांसह, त्यामागचं जीवशास्त्र, आणि तुमचा निकाल दुसऱ्यांच्या छापील कामाशी कुठे जुळतो, कुठे नाही. "यावरून सिद्ध होते की" हे शब्द टाळा. तुम्ही एका पाकिटातले मूग एका खोलीत तीन दिवस बघितलेत, "या परिस्थितीत असं दिसलं" एवढाच तुमचा हक्क. धुतलेले दाणे उगवले असतील तर मिठाने त्यांना मुख्यतः अडवून धरलं होतं असं म्हणता येईल. पण यातून आजोबांच्या शेताबद्दल थेट उडी मारू नका, जमिनीत माती असते, चिकणमाती सोडियमला धरून ठेवते, भाताची मुळं वेगळी. खारपाणपट्ट्यात तर नुसतं साधं मीठ नसतंच, सोडियमचे बायकार्बोनेटही असतात.

मूल्यमापनात मुलं हमखास लिहितात, "मानवी चुका झाल्या असतील, पुढच्या वेळी जास्त काळजी घेऊ." हे वाक्य कृपा करून लिहू नका. कुठली चूक, तिने निकाल कुठल्या बाजूला ढकलला, किती, आणि ती कशी टाळायची, हे लिहा. उदाहरण देते: "झाकण घट्ट नसल्याने ४८ तासांत द्रावणाचं पाणी उडालं असावं, त्यामुळे प्रत्यक्ष तीव्रता ठरवल्यापेक्षा जास्त झाली आणि मुळाची लांबी मिठाचा परिणाम खऱ्यापेक्षा मोठा दाखवते. पुढच्या वेळी डिश रोज वजन करून किती पाणी गेलं ते मोजता येईल." हे वाचलं की कळतं प्रयोग खरा केलाय.

एखादी डिश फारच वेगळी आली, समजा १५० मिलिमोलरची एक डिश साध्या पाण्याएवढी उगवली, तर ती गुपचूप गाळू नका. ती टेबलात दिसलीच पाहिजे. वहीत कारण सापडलं, उदाहरणार्थ त्या डिशला चुकून साधं पाणी घातल्याची नोंद आहे, तर तिला सोडून आणि तिला धरून असं दोन्ही गणित दाखवा. कारण सापडलं नाही तर ती तशीच राहू द्या.

जिथून वाचलं ते सगळं नावासकट शेवटी द्या. एआयची मदत घेतली असेल तर तुमच्या बोर्डाचा नियम बघा आणि घेतली तशी सांगा. आकडे मात्र कोणाकडूनही घ्यायचे नाहीत, मित्राकडूनही नाही. बनवलेले आकडे फार गुळगुळीत असतात, पाचही डिश नीट ओळीत, एकही गणंग नाही, ते शिकवणाऱ्याला लांबून दिसतं.

बाकी नियम थोडक्यात. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांवर प्रयोग नकोत. माणसांवर काही मोजायचं असेल, अगदी नाडी जरी, तर लेखी परवानगी घ्या आणि नावं रिपोर्टमध्ये घालू नका. घरी बॅक्टेरिया वाढवू नका, कुठला वाढेल ते आपल्या हातात नसतं. जंगलातून किंवा खाडीतून प्राणी-वनस्पती उचलून आणायच्या आधी विचारा, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा शाळेच्या प्रोजेक्टलाही लागू आहे. आणि हायपोक्लोराइट लागलेले मूग प्रयोगानंतर उसळीत टाकू नका, एका घरी ते जवळजवळ झालं होतं.

व्हायव्हाच्या दिवशी कच्ची वही, फोटो आणि मुगाचं पाकीट बरोबर न्या. पेणच्या त्या मुलीला परीक्षकांनी पहिलाच प्रश्न विचारला की साध्या पाण्यात १०० पैकी सहा दाणे का नाही उगवले, तिथे तर मीठ नव्हतं. तिने वही उघडली, धुतल्यानंतरच्या तीन दिवसांची नोंद दाखवली, त्या सहातले चार तेव्हाही खड्यासारखे कडक होते. "सर, हे गणंग आहेत," ती म्हणाली, "हे चार मी सुईने साल टोचून परत ठेवले, तीन उगवले." ते टोचायचं मी तिला सांगितलं नव्हतं.